मॅकवर विंडोज चालवताय? या चुका टाळा

‘मॅक घेतला, आता टॅली कसं चालवू?’ विंडोजवर चालणाऱ्या या हिशोबाच्या सॉफ्टवेअरबद्दलचा हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. सांगायला मला आवडतं. पण विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा आधीच तीन-चार सॉफ्टवेअर उतरवून, त्यातली दोन अर्धवट इन्स्टॉल करून ठेवलेली असतात. मग निम्मा वेळ तो पसारा आवरण्यातच जातो. म्हणून आधीच सांगतो: काहीही डाउनलोड करण्यापूर्वी वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या ॲपलच्या चिन्हावर क्लिक करा, ‘अबाउट धिस मॅक’ उघडा आणि चिप कोणती ते वाचा. तिथे एम1, एम2 असं काही दिसलं, तर 2020 पूर्वीचे बहुतेक व्हिडिओ आणि सल्ले तुमच्या कामाचे नाहीत. बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर थेट विंडोज टाकायची ॲपलची सोय, फक्त इंटेलच्या मॅकवर चालतं. एम चिपवर ते नाही.

इंटेलचं विंडोज एम चिपवर चढवणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. नाशिकचे एक ओळखीचे अकाउंटंट आहेत. एम1चा मॅकबुक एअर, 8 जीबी रॅम. त्यांनी यूटीएम हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं (ते मॅकच्या आत विंडोजसाठी एक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, तयार करतं), आणि ऑफिसच्या जुन्या पीसीसाठी उतरवून ठेवलेली विंडोज इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल त्यात घातली. यूटीएम सुरुवातीलाच विचारतं, ‘व्हर्च्युअलाइझ’ की ‘इम्युलेट’? ती फाइल इंटेलच्या चिपसाठीची होती, त्यामुळे पुढे जायला ‘इम्युलेट’ हाच रस्ता होता. त्यांनी तो निवडला. इन्स्टॉलेशन रात्रभर चाललं. सकाळी स्टार्ट मेन्यू उघडायलाच अर्धा मिनिट लागत होता. रिटर्न भरायचे दिवस होते. त्यांनी चार दिवस तसेच काढले आणि मग मला फोन केला, ‘मॅक विकून टाकतो, गिऱ्हाईक आहे का बघ.’

मॅकमध्ये काहीच बिघाड नव्हता. इम्युलेट केल्यावर इंटेलच्या चिपची प्रत्येक आज्ञा एम चिपला कळेल अशा भाषेत बदलावी लागते, आणि तीही अख्ख्या विंडोजची, अगदी माउसचा बाण हलवण्यापर्यंत. एआरएमसाठीचं, म्हणजे एम चिपच्या जातीच्या चिपसाठीचं, विंडोज 11 घेतलं तर ते ‘व्हर्च्युअलाइझ’ करून चिपवर थेट चालतं, आणि टॅलीसारख्या इंटेलसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमपुरतं भाषांतर विंडोज स्वतः करतं. 2024च्या 24एच2 आवृत्तीपासून हे काम ‘प्रिझम’ नावाचा भाग करतो आणि तो आधीपेक्षा बराच चपळ आहे. मी त्यांचं जुनं व्हर्च्युअल मशीन पुसलं आणि एआरएमची आयएसओ चढवली. तासाभरात टॅली उघडलं. चार दिवस गेले होते ते फक्त एका पर्यायामुळे.

ही आयएसओ 2024च्या नोव्हेंबरपासून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर सरळ मिळते. त्यामुळे टेलिग्रामवरून ‘रेडीमेड विंडोज’ घेण्याचं आता काही कारणच उरलेलं नाही. दुसऱ्यानं तयार केलेल्या विंडोजमध्ये तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार असता, याचा जरा विचार करा. लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं, ते घ्या.

व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअर तीन: पॅरलल्स पैसे देऊन घ्यायचं, व्हीएमवेअर फ्यूजन 2024पासून फुकट आहे, यूटीएम पहिल्यापासून फुकट. रोज आठ तास विंडोजमध्येच काम असेल, तर मी पॅरलल्स घ्यायला सांगतो. आठवड्यातून एकदा लागत असेल, तर फ्यूजन पुरतं.

प्रोग्रॅम एकच आणि छोटा असेल, तर अख्खं विंडोज कशाला? क्रॉसओव्हर 14 दिवस फुकट वापरून बघा. ते ‘वाइन’ या विंडोजचे प्रोग्रॅम विंडोजशिवाय चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभं आहे, त्यामुळे त्यात विंडोज लागतच नाही. आणि सोसायटीचा जुना हिशोब डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये असेल, तर तो विंडोज 11मध्ये चालतच नाही. मॅकवर थेट डॉसबॉक्स टाका, ते जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवतं.

‘पण मॅकमध्ये रोझेटा आहे ना?’ आहे, पण ते इंटेल मॅकचे प्रोग्रॅम चालवण्यासाठी आहे. विंडोजची ईएक्सई फाइल त्यावर टाकून काही होत नाही.

सगळी रॅम विंडोजला देणं. 8 जीबीच्या मॅकवर 4 द्या, 16च्या मॅकवर 8. त्यापुढे गेलात की मॅकच गुदमरतो आणि त्याच्याबरोबर विंडोजही.

व्हर्च्युअल मशीन डेस्कटॉपवर ठेवणं

याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण यात माणसांची कामं बुडालेली मी पाहिली आहेत. ठाण्याच्या एक ताई छोटा दिवाळी अंक काढतात. त्यांची पानं जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये लागतात, म्हणून मॅकवर विंडोज. व्हर्च्युअल मशीनची फाइल डोळ्यांसमोर असावी म्हणून त्यांनी ती डेस्कटॉपवर आणून ठेवली. त्यांचा डेस्कटॉप आयक्लाउडला जोडलेला होता, ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू होतं आणि डिस्क 256 जीबीची. जागा कमी पडल्यावर मॅकनं चाळीसेक जीबीची ती फाइल क्लाउडवर ठेवून इथली काढून टाकली. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात ताईंनी विंडोज उघडायला घेतलं, तर चाळीस जीबी परत उतरायला लागले. मधेच इंटरनेट गेलं, त्यांनी घाबरून फोर्स क्विट केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. शेवटी मशीन उघडलं ते तीन आठवड्यांपूर्वीच्या स्थितीत.

हाताशी उरल्या त्या प्रेसला मेल केलेल्या काही पीडीएफ. त्यातला मजकूर कॉपी करावा, तर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमुळे नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. कन्व्हर्टरमधून काढून जोडाक्षरं हातानं दुरुस्त करत आम्ही तिघं पाच रात्री बसलो. अंक निघाला. पण त्या रात्री ताईंचा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरलेलो नाही.

माझी सवय सांगतो. मशीनची फाइल होम फोल्डरमध्ये वेगळ्या फोल्डरात. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये कधीच नाही. चालू कामाच्या फाइली शेअर्ड फोल्डरमधून मॅकवर, म्हणजे टाइम मशीनच्या बॅकअपमध्ये त्या आपोआप येतात. टॅलीचा डेटा मात्र शेअर्ड फोल्डरवर ठेवून चालवत नाही. तो विंडोजमध्येच राहतो आणि रोज संध्याकाळी टॅलीतूनच घेतलेला बॅकअप मॅककडे जातो. महिन्यातून एकदा विंडोज पूर्ण शटडाउन करून अख्खी फाइल बाहेरच्या एसएसडीवर कॉपी करतो. नुसतं सस्पेंड करून नाही. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, हा बॅकअप नव्हे. तो त्याच फाइलच्या पोटात असतो, फाइल गेली की तोही गेला. पेनड्राइव्ह एफएटी32 फॉरमॅटचा असेल, तर 4 जीबीच्या वरची फाइल त्यावर जातच नाही, तो एक्सफॅट फॉरमॅटचा करून घ्या.

डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन शेवटच्या दिवशी लावून पाहणं

एआरएम विंडोजमधलं भाषांतर प्रोग्रॅमसाठी आहे, ड्रायव्हरसाठी (जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) नाही. टोकन, डोंगल, जुना प्रिंटर यांना एआरएमचाच ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर कितीही वेळा रीस्टार्ट करा, काही फरक पडत नाही. टेंडर भरायला दोन तास उरलेले असताना मला असा फोन आला आहे आणि मी काहीच करू शकलो नाही. मॅक घेण्याआधीच टोकनच्या मागे छापलेलं मॉडेल वाचा आणि त्या कंपनीकडे एआरएम विंडोजचा किंवा थेट मॅकचा ड्रायव्हर आहे का ते विचारा. मॅकचा असेल, तर सही मॅकच्याच ब्राउझरमधून करा, विंडोजच्या वाटेला जाऊच नका. दोन्ही नसतील, तर ऑफिसातला एक जुना इंटेल पीसी त्या टोकनसाठी राखून ठेवा.