भाजीच्या वाफ्यातल्या गोगलगायींसाठी ओलं गोणपाट

रात्रीतून कोवळ्या रोपांची पानं कुरतडली जातात आणि दिवसा कीड कुठेच दिसत नाही? पानांवर, मातीवर वाळलेला चकचकीत चिकट माग असेल तर हे काम बिनशंखाच्या गोगलगायींचं. दिवसा त्या ओल्या, अंधाऱ्या जागी दडतात, म्हणून ती जागा आपणच करून द्यायची.

१. संध्याकाळी गोणपाट भिजवून, पिळून वाफ्याच्या कडेला पसरा. खाली काकडीच्या साली किंवा कोबीची बाहेरची पानं ठेवा.

२. सकाळी ऊन चढायच्या आत गोणपाट उलटा. गोगलगायी आतल्या बाजूला आकसून चिकटलेल्या असतात. गोणपाटाच्या दुमडीतही नीट बघा, लहान पिल्लं तिथेच नजरेतून सुटतात.

३. चिमट्याने उचलून साबणाच्या दाट पाण्यात टाका.

एका रात्रीत फरक पडत नाही, रोज संध्याकाळी लावत राहा. गोणपाटाखालची माती बोटभर उकरली की साबुदाण्यासारखे अंड्यांचे पुंजके सापडतात. तेही काढा, पुढची पिढी तिथेच थांबते.

सोबत पाणी द्यायची वेळ बदला. संध्याकाळऐवजी सकाळी पाणी दिलं की रात्री वरची माती कोरडी राहते आणि त्यांना फिरणं जड जातं. माझ्या मते निम्मं काम यानेच होतं. गोगलगायी अडवायला रोपांभोवती घातलेलं राखेचं कडं कोरडं असेपर्यंतच चालतं, पावसात त्याच्या भरवशावर राहू नका.

वाफ्यात मीठ मात्र टाकू नका, माती खराब होते. गोगलगायी उघड्या हाताने धरू नका. त्यांच्यात माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात, म्हणून पालेभाजीही नीट धुऊन घ्या.