पेठेच्या शेट्याच्या वारशाचे कागद वाचताय? मग या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्याकडे फोटो यायला लागतात. कोणीतरी गावी गेलेलं असतं, माळ्यावरच्या पेटीत मोडीतले कागद निघालेले असतात, घरातलं म्हातारं माणूस म्हणालेलं असतं, "आपली पेठ होती रे!" मग पुढचे दोन महिने तेच प्रश्न. मूळ शेट्या, म्हणजे पेठेचा वतनदार, वारला कधी? त्याच्यामागे काय होतं? ते कोणाकडे गेलं? मी गेली वीसेक वर्षं हे कागद वाचते, शनिवारी मोडीही शिकवते. प्रश्न तेच याबद्दल तक्रार नाही. उत्तरं काढताना चुकाही त्याच होतात, त्याचा मात्र आता कंटाळा आलाय.

"पेठ आमच्या मालकीची होती"

नव्हती. शेट्या म्हणजे आजच्या अर्थाने बाजाराचा मालक, हे डोक्यातून आधी काढा. नाहीतर पुढचा प्रत्येक कागद उलटा वाचाल.

मराठेशाहीत नवी पेठ वसवायची असली की सरकार कौल, म्हणजे सवलतींचं लेखी वचन, द्यायचं. इतकी वर्षं कर माफ, मग हळूहळू वाढवत पूर्ण वसुली. उदमी, म्हणजे व्यापारी, आणायचे, त्यांना जागा दाखवून द्यायच्या, बाजार भरता ठेवायचा, हे काम जो करील त्याला शेटेपणाचं वतन, म्हणजे वंशपरंपरेचा हक्क, मिळे. त्याच्या जोडीला महाजन. गावात पाटील-कुळकर्णी, तसे पेठेत शेटे-महाजन. जमिनीवर हुकूम सरकारचा, दुकान-घर ज्या त्या उदम्याचं. शेट्याचा होता तो हक्क: बाजारच्या दिवशी धान्याच्या ढिगातली मूठ-पसा, तेल्याकडचं पळीभर तेल, तांबोळ्याकडची पानं, लग्नाकार्यातला नारळ. आणि मान. सणाला टिळा-विडा आधी कोणाला लावायचा, यावर दोन-दोन पिढ्या भांडलेली घराणी आहेत.

त्यामुळे शेट्या वारला की मागे तीन वेगवेगळ्या गोष्टी उरत. घरातली चीजवस्त, म्हणजे घर, भांडी, दागदागिने. वहीतलं देणं-घेणं. आणि वतन. तिन्हींचा प्रवास वेगळा. भांडी भाऊ-भाऊ घरात बसून वाटून घेत, त्याचा कधीकधी चिटोराही सापडत नाही. वतनाला मात्र गोत, म्हणजे गावकरी-वतनदारांची सभा, लागे, साक्षी लागत, सरकारचं पत्र लागे, नजर, म्हणजे सरकारात द्यायची रक्कम, भरावी लागे. तंटा झाला तर दोन्हीकडच्या तकरिरी, म्हणजे लेखी कैफियती, आणि जामीनकतबे, मग महजर, म्हणजे सभेने साक्षीनिशी दिलेला निर्णय, किंवा निवाडपत्र. जिंकणाऱ्याने हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरून यजितखत, म्हणजे हरल्याची कबुली, लिहून द्यायचं. एका माणसाच्या मृत्यूचे कागद असे वीस-पंचवीस वर्षं निघत राहतात. ते सगळे एका ढिगात घालून "इस्टेट" असा मथळा दिला की घोळ झालाच.

वाटणीतही तेच. उत्पन्नाची तक्षीम, म्हणजे हिस्से, करता येते, अर्धी, पाव, आणखी बारीक. मानाची करता येत नाही. म्हणून उत्पन्न सगळ्या भावांना आणि वडीलपण थोरल्याला, असा मजकूर दिसतो. नवशिके हे वाचून "धाकट्यांना डावललं" असं लिहून मोकळे होतात. अहो, पुढची ओळ वाचा. धाकट्यांच्या तक्षिमा तिथेच लिहिलेल्या असतात.

एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे जाडजूड फाइल घेऊन आले होते. त्यांचा हिशोब तयार होता: पेठ आमची, आज तिथे इतके गाळे, तर आमचा वाटा किती? मी त्यांना कौल वाचून दाखवला. मग हेही सांगितलं की मुंबई इलाख्यात १८४४ च्या कायद्याने शहरजकाती आणि धंद्यांवरचे कर उठले, इनामांची आणि हक्कांची चौकशी इनाम कमिशनने १८५२ नंतर केली, स्वातंत्र्यानंतर वतनंच रद्द झाली. ते बराच वेळ गप्प बसले. फाइल पिशवीत घातली आणि दारात थांबून म्हणाले, "मग लग्नातला नारळ तरी?"

नऊ वर्षांचा खड्डा

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती माणसं जन्माला घालते.

कागदावर साल आकड्यात असेल तर नशीब. एरवी ते अरबी शब्दांत असतं: "सन समान सबैन मया व अलफ". समान म्हणजे आठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. मिळून ११७८. हा सुहूर सन. यात ५९९ मिळवायचे, म्हणजे १७७७. वर्ष मृग लागताना सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासून वर्ष संपेपर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे. इतकंच.

पण फसली सन नावाचं आणखी एक प्रकरण आहे. तेही मृगालाच सुरू होतं, तेही महसुली, आणि आपल्याकडे त्यात ५९० मिळवतात. फसलीचा आकडा सुहूरपेक्षा नऊने मोठा, म्हणून मिळवायचं नऊने कमी. एकाचा आकडा आणि दुसऱ्याची बेरीज घेतली की माणूस नऊ वर्षं सरकला.

एका घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम चाललं होतं. करणारा मुलगा हुशार, पण घाईचा. मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केला होता आणि अकराव्या दिवशी घराण्याचा इतिहास लिहायला बसला होता. त्याच्याकडे दोन कागद होते. एकात शेट्याच्या बायकोची विनंती: नवऱ्यास देवाज्ञा झाली, पोटी संतान नाही, भाऊबंदांतला मुलगा मांडीवर घेतला आहे, तर वतन त्याच्या नावे चालावं. साल वर दिलंय तेच, समान सबैन. दुसरा कागद म्हणजे शेट्याने स्वतः लिहून दिलेलं कर्जाचं खत, शके १६९४.

शके १६९४ म्हणजे १७७२, हे त्याने बरोबर काढलं. पहिल्या कागदाला मात्र कुठल्याशा तक्त्यातून ५९० मिळवले आणि १७६८ काढलं. आता पंचाईत. १७६८ ला जो माणूस मेलेला, तो १७७२ ला कर्ज कसं काढतोय? इथे कोणीही थांबला असता. हा थांबला नाही. त्याने ठरवलं की एकाच नावाचे दोन शेटे होते, एक आधी वारला आणि दुसरा, म्हणजे दत्तक घेतलेला, आजोळच्या की कोणाच्या नावावरून तेच नाव ठेवून कर्ज काढता झाला. मग या दुसऱ्याला वंशवृक्षात चौकोन मिळाला, दोन मुलं मिळाली, एक "कर्जबाजारी पण धाडसी" असं विशेषणही मिळालं. स्मरणिका छापून झाली, कुलसंमेलनात वाटली गेली. त्यानंतर त्याने मला कागद दाखवले, का तर म्हणे "एकदा नजर घाला".

नजर घालायला पाच मिनिटं लागली. विनंतीच्या कागदावर शेवटी "छ ७ सवाल" होतं, म्हणजे सवाल या चांद्रमहिन्याची सातवी तारीख. ११७८ सालातला सवाल १७७७ च्या नोव्हेंबरात येतो. म्हणजे शेट्याने १७७२ ला कर्ज काढलं, नंतर कधीतरी तो वारला, आणि १७७७ च्या नोव्हेंबरात बायको दत्तकाचा अर्ज घेऊन उभी राहिली. एक माणूस, एक मृत्यू. दुसरा शेट्या ५९९ आणि ५९० यांच्या फटीतून आला होता.

मला राग गणित चुकल्याचा आला नाही. माझंही चुकतं. राग याचा की दोन कागद एकमेकांशी भांडत होते, तेव्हा त्याने आपली बेरीज तपासायच्या आधी नवा पूर्वज बनवला.

माझी सवय सांगते, पद्धत म्हणून नाही. वहीत प्रत्येक कागदाला एक ओळ. आधी साल कागदावर आहे तसं, शब्दांत. मग सन कुठला ते. मग बेरीज पूर्ण मांडून, ११७८ अधिक ५९९. मग छ, म्हणजे चांद्रमहिन्याची तारीख, जंत्रीत पाहून. इंग्रजी तारीख सगळ्यात शेवटी आणि पेन्सिलने. शाईने लिहिलं की आपल्याला ते खरं वाटायला लागतं. फोनवरची तारीख बदलून देणारी साधनं मीही वापरते, पण उत्तर ताडून पाहायला. सन कुठला हे त्या साधनाला तुम्हीच सांगायचं असतं, आणि चूक नेमकी तिथेच होते. मोडी आपोआप वाचून देणाऱ्या ॲपबद्दल मला विचारू नका. अक्षर येतं त्याला, कागद येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

"छ" हा आकडा नाही. चंद्राची खूण आहे, पुढे येते ती तारीख. "छ ७" म्हणजे सदुसष्ट नव्हे; हो, असं वाचलेलं आहे.

उभ्या दोन रेघा म्हणजे अर्धा. "१२॥ रुपये" हे साडेबारा रुपये, बाराशे अकरा नाहीत. एका मुलीने यावरून तिच्या खापरपणज्याला सावकार केलं होतं.

"शेटे" हे तेव्हा आडनाव असेलच असं नाही, हुद्दा आहे. एकाच पेठेचे दोन शेटे दिसले तर ते भाऊबंद आहेत की वतन अर्धं विकत घेतलेला तिसराच कोणी आहे, हे बघा. वतनाचा हिस्सा विकला जात असे.

मोडीत शब्द तोडलेले नसतात. "देवाज्ञाजाली" सलग येतं आणि वाचणारा देवाच्या आज्ञेने काहीतरी केल्याचा अर्थ लावत बसतो. माणूस वारला, एवढंच म्हणायचंय.

गैरहजर म्हणजे मेलेला नव्हे. "परागंदा" वेगळा, "मयत" वेगळा. १६३० च्या दुष्काळात माणसं देशोधडीला लागली, वतनं दुसऱ्यांनी चालवली, आणि मूळ घराण्यातलं कोणीतरी पुढे परत येऊन हक्क सांगू लागलं, अशा गोष्टी तकरिरींतून येतात. परागंदा झालेल्याचा मृत्यू तुम्ही परस्पर लावू नका.

शेट्याची विधवा कागदात दिसली की "बिचारी" म्हणून पुढे जाऊ नका. आपल्याकडच्या रूढीत नवऱ्याने आधी परवानगी दिलेली नसली तरी विधवेला दत्तक घेता येई. वतनाला सरकारची मान्यता आणि नजर लागे, ते खरं. पण मुलगा अज्ञान असेपर्यंत पेठेचा कारभार, वसुली, भाऊबंदांशी भांडण हे तिच्याच नावाने चाललेलं दिसतं. तिची पत्रं बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि माझ्या मते त्या ढिगातली सगळ्यात वाचनीय तीच असतात.

कर्ज माणसाबरोबर संपत नाही. शास्त्राप्रमाणे बापाचं देणं मुलाने व्याजासकट फेडायचं, नातवाने नुसतं मुद्दल. शिवाय दामदुपट: व्याज मुद्दलाहून जास्त मागता येत नाही. त्यामुळे मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी शेट्याच्या नावाचं खत निघालं तर ते बनावट ठरवण्याआधी फेडणारा कोण आहे ते पाहा.

साक्षीदारांच्या जागी नांगर, तराजू, आरसा अशी चित्रं असतील तर ती सजावट नाही. नांगर पाटलाची निशाणी, तराजू शेट्याची, आरसा न्हाव्याचा. नकलून घेताना लोक नावं उतरवतात आणि चित्रं सोडून देतात. नाव फाटलेल्या महजरात शेट्या हजर होता की नव्हता, हे मला एकदा नुसत्या तराजूवरून कळलं होतं.

आणि मागची बाजू

फोटो काढताना कागद उलटा करा. हे मी वर्गात पहिल्या शनिवारी सांगते, शेवटच्या शनिवारी सांगते, आणि तरी मला येतात ते सगळे फोटो पुढच्याच बाजूचे. लांबलचक पत्राचे बंद, म्हणजे कागदाचे तुकडे, एकमेकांना चिकटवलेले असतात, मागे सांध्यावर शिक्का असू शकतो, दफ्तरात नोंद झाल्याचा "बार" असू शकतो. कधीकधी पाठीवर "तालीक" एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे तुमच्या हातात मूळ कागद नसून नक्कल आहे. तंट्याच्या वेळी जुन्या कागदाची नक्कल करून हजर केलेली असते. मग कागदावरचं साल एक आणि कागद प्रत्यक्ष लिहिला गेला ते साल दुसरं.

त्या कुलवृत्तांतवाल्या मुलाच्या बाबतीत मी तेच केलं, कर्जाच्या खताच्या मागचा फोटो मागवला. आठ दिवसांनी आला. मागे वेगळ्या हाताची एक ओळ होती: खत फिटलं, मुद्दल पावलं, दत्तक मुलाच्या नावाने. ते नाव शेट्याचं नव्हतं, भलतंच होतं, आणि स्मरणिकेत ते कुठेही नाही.