जुन्या वाड्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा

पैठणीच्या येवल्यात जुन्या घरात मागाच्या खोलीची भिंत पोपडे धरू लागली, की सिमेंट मारायचा सल्ला हमखास मिळतो. अजिबात ऐकू नका. माती-विटांच्या भिंतीतली ओल सिमेंटमागे कोंडते, वर चढते आणि लाकडी खांब कुजवते.

त्याऐवजी चुन्याचा गिलावा द्या. आधी सैल गिलावा विटेपर्यंत खरवडा. आदल्या दिवशी पाणी शिंपडा, धार सोडू नका; मातीचे सांधे वाहून जातात. भिंत कोरडी राहिली तर ती चुन्यातलं पाणी शोषते आणि थर भुगा होऊन गळतो. मिश्रणाला किमान 15 दिवस पाण्यात मुरवलेला कळीचा चुना 1 भाग, चाळलेली वाळू 3 भाग. थर 10 मिलिमीटरपर्यंतच. जाड थर तडकतो. आठवडाभर त्यावर ओलं गोणपाट ठेवा. रंगही चुन्याचाच द्या.