हेरिंग, सॅल्मन आणि समुद्रपक्षी: गोव्यात बसून संशोधन प्रस्ताव कसा लिहावा

एमएस्सीचं शेवटचं सत्र आलं की कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, आर्क्टिकवर काम करायचंय, प्रस्ताव कसा लिहू?" गोव्यात हा प्रश्न अवाजवी नाही. दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, आणि आर्क्टिक मोहिमांसाठी प्रस्ताव तिथूनच मागवले जातात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंदला भारताचं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून चालू आहे. मी पेडण्याची, रापणकारांच्या घरातली. रापण ओढताना मासा आणि त्याच्यावर झेपावणारे कुरव एकदमच दिसतात. प्रस्तावातही पाणी, मासा आणि पक्षी एकत्र ठेवा. माझं सगळं सांगणं याच्याच भोवती आहे.

आधी प्रश्न ठरवा. 'हवामानबदलाचा आर्क्टिक परिसंस्थेवरील परिणाम' हे शीर्षक दर वर्षी माझ्यासमोर येतं आणि दर वर्षी मी ते खोडते. त्यात मोजण्यासारखं काहीच नाही. त्याऐवजी असं लिहा: कोंग्सफ्योर्डमध्ये अटलांटिकचं कोमट पाणी जास्त शिरतं त्या वर्षी किटिवेक पिल्लांना कोणता मासा भरवतात, आणि किती पिल्लं उडण्याइतकी मोठी होतात? कोंग्सफ्योर्ड म्हणजे न्यू-ऑलेसुंदलगतची समुद्राची खाडी (अशा डोंगरांत शिरलेल्या खाडीला फ्योर्ड म्हणतात), आणि किटिवेक म्हणजे कड्यावर घरटं करणारा लहान कुरव. कोंग्सफ्योर्डमधले किटिवेक पूर्वी मुख्यतः ध्रुवीय कॉड हा मासा आणत. साधारण २००६ नंतर पाणी कोमट होत गेलं, तसे त्यांच्या चोचीत कॅपेलिन आणि हेरिंग हे मासे दिसू लागले. पाण्याची बाजू तर आपल्याच हातात आहे. जुलै २०१४ मध्ये भारताने त्या फ्योर्डमध्ये सुमारे १९० मीटर खोल पाण्यात 'इंडआर्क' ही वेधशाळा नांगरली. ती तापमान आणि क्षारता नोंदवते. म्हणजे पाण्याची नोंद तयार आहे, मासा पक्षीच पकडून आणतो आणि पिल्लं दुर्बिणीतून मोजता येतात. तज्ज्ञ समितीला असा प्रश्न चटकन समजतो, कारण कुठला आकडा कुठून येणार ते त्यातच दिसतं.

आता मासा ओळखायचा कसा, हे पद्धतीच्या विभागात नीट लिहा. किटिवेकला हातात धरलं की तो बहुतेक वेळा खाल्लेलं ओकून टाकतो. त्यात अर्धवट पचलेलं मांस, काटे आणि माशाच्या कानातले दगड असतात. या कानदगडांवरून जात कळते, आणि त्यांच्या लांबीवरून माशाची लांबी काढता येते. हे काम पुस्तकातून येत नाही. म्हापशाच्या बाजारातून चार ढोमे आणा. बांगडा नको, त्याचा कानदगड फार बारीक असतो आणि चिमट्यात मोडतो. ढोम्याच्या डोक्याची वरची बाजू डोळ्यांच्या जरा मागे सुरीने उघडा. मेंदू अलगद बाजूला केलात की त्याच्याखाली दोन्ही अंगांना एकेक पांढरा, टणक तुकडा बसलेला दिसेल. तो चिमट्याने उचला, पाण्यात बोटांनी चोळून पडदा काढा, वाळवा, काळ्या कागदावर ठेवा आणि भिंगाखाली धरा. कडेची वळणं आणि मधली खाच पाहा. दुसऱ्या जातीचा मासा आणून तेच करा, फरक साध्या डोळ्यांनाही दिसेल. नंतर एक कानदगड घासून पातळ करा, आतल्या वाढीच्या रेघा दिसू लागतात. अलास्कात सॅल्मनच्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात, याच रेघांचा उपयोग करतात. अंड्यांतल्या पिल्लांचं पाणी ठरावीक क्रमाने कोमट-थंड करत राहतात, त्यामुळे प्रत्येकाच्या कानदगडावर बारकोडसारखी खूण उमटते. मोठा झालेला मासा जाळ्यात आला की तो हॅचरीतला की नदीतला, हे त्या खुणेवरून सांगता येतं.

एक अडचण मात्र तुम्हीच आधी मांडा. पक्ष्याच्या पोटातल्या आम्लाने कानदगड झिजतात, लहान माशांचे तर विरघळूनच जातात. म्हणून मोजणीत लहान मासे कमी येतात आणि जे येतात तेही प्रत्यक्षापेक्षा छोटे वाटतात. समितीने विचारण्याआधी हे लिहिलंत तर तुम्ही काम हाताने केलेलं आहे हे त्यांना कळतं.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि मुलं नेमका तोच दोन ओळींत गुंडाळतात. तुमच्या उत्तराला पर्यायी कारण काय असू शकतं? एक उदाहरण घ्या. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्झॉन वाल्डेझ' हे तेलवाहू जहाज अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंड या खाडीत खडकावर चढलं आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात गेलं. १९९१ च्या दिवाणी तडजोडीत कंपनीने ९० कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. त्या पैशावर हेरिंग, सॅल्मन आणि समुद्रपक्ष्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. तिथली हेरिंगची संख्या मात्र कोसळली ती १९९३ मध्ये, गळतीनंतर चार वर्षांनी. तेलामुळे, विषाणूच्या रोगामुळे, अन्न कमी पडल्यामुळे, की हॅचरीतून सोडलेल्या गुलाबी सॅल्मनमुळे? इतका पैसा आणि इतके अभ्यास होऊनही सगळ्यांना पटेल असं एकच उत्तर निघालेलं नाही. एकाच काळात चार गोष्टी बदलत असतील तर त्या वेगळ्या करणारी मोजणी आधीपासूनच लागते.

ती कशी मिळते याचं मला फार आवडणारं उदाहरण गुलाबी सॅल्मनचंच आहे. हा मासा बरोबर दोन वर्षं जगतो. त्यामुळे विषम वर्षांत जन्मलेले आणि सम वर्षांत जन्मलेले मासे एकमेकांत कधी मिसळत नाहीत. अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या बेरिंग समुद्रात विषम वर्षी ते प्रचंड संख्येने येतात, सम वर्षी कमी. आता त्याच भागातल्या बेटांवरच्या किटिवेकांच्या आणि पफिन या समुद्रपक्ष्यांच्या नोंदी पाहिल्या तर विषम वर्षी अंडी उशिरा घातलेली आणि पिल्लं कमी जगलेली आढळतात. पाणी तापायला सम-विषम कळत नाही, वादळालाही नाही. म्हणजे हा चढउतार अन्नाच्या स्पर्धेकडेच बोट दाखवतो. सॅल्मन आणि पक्षी एकच अन्न खातात. तुमच्या प्रश्नात अशी एखादी निसर्गाने करून ठेवलेली तुलना शोधा: दोन फ्योर्ड, दोन जाती, बर्फाचं वर्ष आणि बिनबर्फाचं वर्ष. सापडली तर प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ठेवा.

दोन उन्हाळ्यांच्या कामातून फार मोठं विधान करायचं नसतं, हेही सांगते. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य पॅसिफिक असाधारण तापला आणि मर नावाचे काळे-पांढरे पक्षी उपाशी मरून किनाऱ्यांवर येऊन पडले. पुढे त्याच वसाहतींची मोजणी जुळवली तेव्हा सुमारे ४० लाख मर गेल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. अलास्कातले जवळजवळ निम्मे! कितीतरी वर्षं तेच कडे त्याच पद्धतीने मोजणारी माणसं होती म्हणून हे कळलं. म्हणून जुन्या नोंदी कुणाकडे आहेत ते शोधा, त्यांना आत्ताच लिहा, आणि तुमची मोजणी त्यांच्याच पद्धतीने करा. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेचे लोक स्वालबार्डच्या समुद्रपक्ष्यांवर सातत्याने काम करतात. त्यांच्या नमुन्यांतला वाटा मागितलात तर खर्च वाचतो आणि पक्ष्यांनाही दुसऱ्यांदा धरावं लागत नाही.

खर्चाच्या तक्त्यात कॅमेरा सगळ्यात वर लिहू नका. प्रवास, थंडीचे कपडे, विमा, गोठवलेले नमुने पाठवण्याचा खर्च, प्रयोगशाळेचं शुल्क आणि काम करणाऱ्या मुलाची शिष्यवृत्ती आधी येते. पक्षी हाताळायचे तर स्वालबार्डच्या गव्हर्नरची परवानगी लागते, त्यासाठी महिने मोजून ठेवा. वस्तीबाहेर पांढरी अस्वलं असतात, म्हणून बंदुकीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं किंवा ते घेतलेला सोबती लागतो. न्यू-ऑलेसुंदला रेडिओ-शांतता पाळतात, वायफाय आणि ब्लूटूथ चालत नाही. उपकरण निवडताना एवढं एक बघितलं तरी मोठा घोळ टळतो.

आणि हात रिकामे ठेवून अर्ज करू नका. हिवाळ्यात मोरजीला कुरवांचे थवे उतरतात, मालीम जेटीवर ट्रॉलर लागले की तिथेही गर्दी करतात. दर शनिवारी, त्याच तासाला, त्याच जागेवरून मोजा. त्या दिवशी तारले आले की बांगडे, किती टोपल्या, तेही लिहा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा या नोंदी तक्त्यात भरा आणि आलेख काढा. तो आलेख प्रस्तावाला जोडा. कड्यावरचे किटिवेक मोजायची तयारी दाखवणारा याहून चांगला पुरावा तुमच्याकडे या वयात असणार नाही.

मुदत आठवड्याच्या कुठल्याही दिवशी संपो, संस्थाप्रमुखांची सही आणि हिशेब विभागाचा शेरा दहा दिवस आधी घ्या. मुदत चतुर्थीच्या आसपास असेल तर सुट्टी लागण्याआधीच.