आठवीत परकीय भाषा सुरू करायची तर

जर्मन घ्यायची की जपानी, हा वाद आपल्या कोकणातल्या शाळांच्या पालकसभेत हमखास रंगतो. त्याआधी फळ्यावर एक हिशेब मांडा. जर्मनची पहिली पायरी, म्हणजे ए-1, गाठायला 45 मिनिटांच्या 80 ते 200 तासिका लागतात, असं जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी गोएथे संस्था सांगते. आपला तास 35 मिनिटांचा. अतिवृष्टीच्या सुट्ट्या, गणपती, दिवाळी, शिमगा, परीक्षा, स्नेहसंमेलन वजा जाता वर्षाचे 30 आठवडे धरा. मग आठवड्याला एक तास ठेवला तर दोन वर्षांत 45 मिनिटांच्या जेमतेम 47 तासिका भरतात. दोन ठेवले तर 93, तीन ठेवले तर 140. आठवड्याच्या एका तासात मुलं आकडे, रंग आणि नमस्कार शिकतात, पुढच्या जूनपर्यंत विसरतात. तीन तास देता येत नसतील तर विषय सुरूच करू नका.

सुरुवात आठवीत करावी. लहानपणी भाषा लवकर येते हे खरं, पण ती दिवसभर कानावर पडत असेल तेव्हा. आठवड्याच्या दोन-तीन तासांत तेरा वर्षांचं मूल सात वर्षांच्या मुलापेक्षा झपाट्याने पुढे जातं, कारण त्याला नियम कळतो. शिवाय आपल्याकडे पहिलीतलं मूल घरी मालवणी किंवा आगरी बोलतं, शाळेत प्रमाण मराठी शिकतं आणि इंग्रजीची अक्षरं गिरवतं. त्यावर चौथं ओझं नको. नववीअखेर अभ्यासक्रम संपवा. दहावीत हे तास गणिताकडे जातातच.

भाषा निवडताना एकच प्रश्न आधी विचारा: दोन वर्षं टिकणारा शिक्षक कोणत्या भाषेचा मिळतो? नोकरीचा विचार त्यानंतर. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग आणि आयटीआयकडे वळणाऱ्या मुलांचे पालक जर्मनचं नाव घेतात. ते रास्त आहे. फक्त नोकरीसाठी ए-1 पुरत नाही, हे त्याच सभेत स्पष्ट सांगा. (पोर्तुगीज तर आपल्या किनाऱ्याला परकी म्हणवतही नाही. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीजपासून घडलेली बोली आजही घराघरांत आहे, आणि पाव, पगार, बटाटा आपण रोज बोलतो.)

शिकवताना आधार मराठीचा घ्या, इंग्रजीचा नव्हे. इंग्रजीतून शिकवलेल्या मुलाला जर्मनमधली तीन लिंगं जाचतात. मराठी मुलाला तो, ती, ते पाठच असतात. अडचण वेगळीच येते: आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. म्हणून नाम कधीही एकटं लिहून देऊ नका. ‘देअर’, ‘दी’ किंवा ‘दास’ जोडूनच, तीन रंगांच्या खडूंनी लिहा. ‘वाइल इश क्रांक बिन’ म्हणजे ‘कारण मी आजारी आहे’; शब्दांचा क्रम तोच, क्रियापद शेवटी. जर्मन झेडचा उच्चार ‘चमचा’तल्या चसारखा करायला लावा, लगेच जमतो. दोन टिंबांचा यू मात्र मराठीत नाही. ओठ ‘ऊ’चे ठेवून जीभ ‘ई’ची ठेवायची, हे आरशासमोर करून घ्या.

जपानीत तर वाक्याची घडणच ओळखीची निघते. ‘गाक्को नी इकिमासु’: शाळा, मग ‘त’, मग जातो. ‘नी’, ‘दे’, ‘ओ’ हे आपल्या प्रत्ययांसारखे नामानंतर लागतात. कष्ट आहेत लिपीचे. हिरागाना या अक्षरमालेची अक्षरं 46, काताकाना या दुसरीची 46, आणि त्यानंतर कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हं. त्यामुळे जपानीला आठवड्याला चार तास धरा आणि हिरागाना पहिल्या सहा आठवड्यांत संपवा.

सगळ्यात जास्त नुकसान देवनागरीत उच्चार लिहून घेण्याने होतं. पहिले तीन-चार आठवडे चालेल. पुढे मूल मूळ लिपी वाचेनासं होतं आणि उच्चार मराठी वळणाचा पक्का होतो. चौथ्या आठवड्यानंतर तशी वही तपासायला घेऊ नका.

वर्गात 25 पेक्षा जास्त मुलं घेऊ नका, नाहीतर प्रत्येकाला तोंड उघडायची संधी मिळत नाही. शिक्षक पुण्याहून ऑनलाइन येणार असेल तर ध्वनिफिती पेन ड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवा. जून ते सप्टेंबर वीज आणि नेट यांवर तासिका सोपवता येत नाही. शाळेतल्या एका कायम शिक्षकाने प्रत्येक तासाला बसावं आणि कुठवर शिकवलं त्याची नोंद ठेवावी. मधेच शिक्षक सोडून गेला तर नवा माणूस पुन्हा मुळाक्षरांपासून सुरू करतो, आणि मुलांचा रस तिथेच संपतो.

परीक्षेला बसवायचं असेल तर जर्मनसाठी 10 ते 16 वयोगटाची ‘फिट इन डॉइच 1’ घ्या; तीत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं चारही तपासतात. जपानीच्या जेएलपीटी या प्रमाणित परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत, तेव्हा तोंडी परीक्षा शाळेनेच वर्षातून दोनदा घ्यावी. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि केंद्रासाठी मुंबई-पुणे गाठावं लागतं. भर पावसात घाटात दरड कोसळली की मुलाची परीक्षा बुडते. अर्ज डिसेंबरचाच भरा.