गोळी सुरू असूनही पायांवरची सूज उतरत नव्हती : माझा अनुभव

विरारला राहणाऱ्या माझ्या मावशीला रोज सकाळी घ्यायची फ्युरोसेमाइडची (अंगातले जादा पाणी लघवीवाटे काढून सूज उतरवणारी) गोळी लिहून दिलेली होती, तरीही संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतेल इतकी सूज राहत असे. मीठ कमी केले, मोबाइलवर गजर लावला, पायांखाली उशी दिली. फरक पडला नाही. सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

उपाय पुढील क्रमाने सापडला. आधी घरातील पाकिटे तपासली, तेव्हा रक्तदाबाची गोळी वेळेवर संपत होती, फक्त फ्युरोसेमाइड उरत होती. मग “गोळी का घेत नाहीस?” असे न विचारता “मावशी, ही गोळी घेतल्यावर तुला कोणती अडचण येते?” असे विचारले. या गोळीने तासाभरात वारंवार लघवीला लागते आणि तो परिणाम सुमारे सहा तास टिकतो. मावशी मात्र पहाटेच्या लोकलने अंधेरीला स्वयंपाकाच्या कामांवर जाते, लोकलमध्ये शौचालय नसते आणि कामाच्या घरी ते मागण्याचा तिला संकोच वाटतो. ही अडचण बायका डॉक्टरांसमोर सहसा काढत नाहीत, म्हणून तिचा दिनक्रम वेळेनिशी कागदावर लिहिला आणि उरलेल्या गोळ्यांसह डॉक्टरांना दाखवला. त्यांनी मात्रा तीच ठेवून वेळ दुपारी तीनची, म्हणजे ती घरी परतल्यानंतरची, करून दिली, त्यामुळे झोपेपूर्वी परिणाम ओसरतो. आता गोळी चुकत नाही आणि सूज उतरली आहे. अशा गोळीची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.