फोल्डरच्या खोलीला मर्यादा घालताना

लोकांनी अपलोड केलेल्या झिप फाइली उलगडणारा किंवा कुणाच्याही फोल्डरांतून फिरणारा कोड सर्व्हरवर चढवणार असाल, तर आधी फोल्डर धुंडाळणारं फंक्शन उघडून बघा. ते स्वतःलाच पुन्हा कॉल करतं का, म्हणजे रिकर्सिव्ह आहे का? करत असेल तर प्रत्येक पातळीला स्टॅकवर, म्हणजे चालू कॉलांची माहिती ठेवणाऱ्या मेमरीत, एक फ्रेम (त्या कॉलचा हिस्सा) चढते. लिनक्सवर मुख्य थ्रेडचा स्टॅक सहसा ८ एमबीचा असतो. फ्रेममध्ये पाथसाठी ४०९६ बाइटांचा बफर असेल तर दोन हजार पातळ्यांच्या आसपास स्टॅक संपतो आणि प्रोग्राम कोसळतो. अल्पाइन या छोटेखानी लिनक्सच्या कंटेनरमध्ये तर नव्या थ्रेडला मुळात १२८ केबीच मिळतात, तिथे तीसेक पातळ्या पुरेत! म्हणून कोड जिथे चालणार तिथलाच स्टॅक तपासा, स्वतःच्या लॅपटॉपवरचा नको.

लिनक्स पाथची लांबी ४०९६ बाइटांवर अडवतंच, मग खोली कशाला मोजायची, असं टीममध्ये कुणीतरी म्हणेल. ती मर्यादा एका कॉलला दिलेल्या पाथवर आहे. एक फोल्डर बनवून त्यात शिरायचं, आत पुन्हा बनवायचं, असं करत कितीही खोल जाता येतं. झिपमध्ये नावाची लांबी लिहायला दोन बाइट असतात. एकाच नोंदीच्या ६५,५३५ बाइटांत एकेका अक्षराचे बत्तीस हजारांहून जास्त फोल्डर मावतात. लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीचं तात्पुरत्या फाइली साफ करणारं टूल अशाच खोल रचनेने कोसळवता येत होतं. सुरक्षा त्रुटींच्या सीव्हीई यादीतली सीव्हीई-२०२१-३९९७ ती हीच, अवश्य वाचा.

रिकर्शन काढून बघायच्या फोल्डरांची स्वतःची यादी ठेवली की स्टॅक वाचतो, मेमरी वाचेलच असं नाही. यादीतल्या प्रत्येक नोंदीत (नोडमध्ये) पूर्ण पाथ साठवलात तर एकाक्षरी नावांच्या दहा हजार पातळ्यांना केवळ पाथसाठी सुमारे १०० एमबी लागतात. नोडमध्ये फक्त स्वतःचं नाव आणि पालकाचा पॉइंटर ठेवा. सिमलिंकमागे, म्हणजे दुसऱ्या फाइल-फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यामागे, जाऊ नका. जावंच लागलं तर डिव्हाइस आणि आयनोड क्रमांकांची जोडी (ती प्रत्येक फोल्डरची वेगळी असते) लक्षात ठेवून फेरा ओळखा.

आता आकडा ठरवा. स्वतःच्या खऱ्या डेटातली सर्वांत खोल पातळी शोधा आणि मर्यादा तिच्या बरीच वर ठेवा. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने २०२३ मध्ये ट्रीच्या (फोल्डरांच्या रचनेच्या) खोलीला मर्यादा घातली ती २०४८ ची, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेल्या गिटमध्ये ५१२. आकडा सेटिंगमध्ये ठेवा, कोडमध्ये पुरू नका.

मर्यादा ओलांडली तर गुपचूप पुढे जाऊ नका. बॅकअपच्या प्रोग्रामने तसं केलं तर माणसाच्या फाइली जातात आणि त्याला ते कळतही नाही. स्पष्ट एरर द्या, अर्धवट उलगडलेलं काढून टाका. हे काढणारं फंक्शनही रिकर्सिव्ह नाही ना, हे बहुतेक जण तपासत नाहीत. शेवटी टेस्टमध्ये तीन झाडं ठेवा: मर्यादेइतकं, एका पातळीने जास्त, आणि पन्नास हजार पातळ्यांचं, तिन्ही कमी मेमरीच्या कंटेनरमध्ये चालवा.